थांबलेल्या कामाचा रोज

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेल बांधलं जात होतं, तेव्हाची एक बारीकशी गोष्ट हेन्री पेट्रोस्की या अभियंता-लेखकाने नोंदवून ठेवली आहे. हॉटेलच्या प्रशस्त दालनावरून, छताला टांगलेले पादचारी पूल जात होते. सामान वाहणाऱ्या कामगारांना ती जवळची वाट. पण भरलेली ढकलगाडी घेऊन वर गेलं की पूल डळमळतो, हे त्यांच्या पायांना कळलं. मग ढकलगाड्या दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या, आणि विषय तिथेच संपला. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी खाली नाचगाण्याचा कार्यक्रम रंगात असताना चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्या मजल्याच्या पुलावर आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर कोसळले. 114 माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली.

कारण पुढे उघड झालं. मूळ आराखड्यात छतापासून निघून दोन्ही पुलांमधून आरपार जाणारा एकच लांब दांडा होता. एवढ्या लांबीच्या दांड्याला आटे पाडायचे आणि उभारताना ते खराब होऊ द्यायचे नाहीत, हे अवघड काम. म्हणून एका दांड्याचे दोन केले. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण त्यामुळे वरच्या पुलाखालच्या नटावर दोन्ही पुलांचं ओझं आलं. आज अभियांत्रिकीच्या वर्गात हा दांडा हटकून शिकवला जातो. ढकलगाडी कुणी शिकवत नाही.

मला तिच्यातच जास्त रस आहे. ज्याच्या पायाखाली पूल हलला त्याला संकटाची पहिली खबर होती. ती खबर ढकलगाडी वळवण्यापुरती पुरली, आराखडा ज्याच्या टेबलावर होता त्याच्यापर्यंत गेली नाही. बांधकामावरच्या अपघातांचे अहवाल वाचत गेलं की हा नमुना इतक्या वेळा भेटतो की नवल वाटेनासं होतं. कुणाला तरी ठाऊक असतं. बहुधा ज्याला ठाऊक असतं, त्याचा रोज सगळ्यांत कमी असतो.

गेल्या काही वर्षांत अमेरिकी बांधकाम उद्योगाने यावर एक शब्दप्रयोग उचलला आहे, मानसिक सुरक्षितता. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन यांच्या 1999 च्या शोधनिबंधाने तो रूढ केला. आपल्या तुकडीत शंका काढली, चूक कबूल केली, मदत मागितली तर आपली नाचक्की होणार नाही, शिक्षा होणार नाही, असा तुकडीतल्या सगळ्यांचा विश्वास, असा त्याचा साधा अर्थ. दवाखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या फिरून तो आता टोप्या-बुटांच्या जगात आला आहे. सकाळी काम सुरू होण्याआधी पिकअप ट्रकच्या मागच्या फळीभोवती कोंडाळं करून जो ‘टूलबॉक्स टॉक’ होतो, त्यात फोरमन आता सांगतो की कुणालाही काम थांबवण्याचा अधिकार आहे. तसं छापलेलं कार्डही खिशात असतं. मग एक कागद फिरतो आणि प्रत्येक जण सही करतो. कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. अमेरिकेच्या बांधकाम कामगारांपैकी सुमारे एक तृतीयांश लॅटिनो आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची कामाची भाषा स्पॅनिश आहे. सही मात्र सगळ्यांची होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की कामगार गप्प बसतो तो भित्रा म्हणून नव्हे, तर त्याने हिशेब केलेला असतो म्हणून, आणि तो हिशेब बहुधा बरोबर असतो. ज्याला माणसांनी बोलावं असं मनापासून वाटतं, त्याने आधी त्या हिशेबातले आकडे बदलायला हवेत. फोरमनचा स्वर मऊ करणं ही नंतरची गोष्ट.

न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण घ्या. कॅनाल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हार्ड रॉक हॉटेलची 18 मजली इमारत उठत होती. 12 ऑक्टोबर 2019 च्या सकाळी तिचे वरचे मजले कोसळले आणि तीन कामगार मेले. त्याआधी एका कामगाराने फोनवर केलेली चित्रफीत नंतर सगळीकडे फिरली. तिच्यात स्लॅबखालचे टेकू वाकलेले दिसतात आणि दाखवणारा माणूस स्पॅनिशमध्ये ते बोलूनही दाखवतो. सेंटरिंगच्या कामावर चार दिवस काढलेल्या कुणालाही वाकलेल्या टेकूचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे दिसत होतं, कळत होतं, चित्रितही झालं होतं. दुर्घटनेतून जखमी होऊन वाचलेला होंडुरासचा एक कामगार स्पॅनिश माध्यमाशी बोलला. सुरक्षेच्या तक्रारी आपण वरिष्ठांकडे आधीच केल्या होत्या, असं त्याचं म्हणणं असल्याचं त्याच्या वकिलांनी सांगितलं. अपघातानंतर दोनच दिवसांनी मासे धरत असताना तो पकडला गेला आणि नोव्हेंबर संपता संपता त्याची होंडुरासला पाठवणी झाली. त्याच्यावर देश सोडण्याचा जुना आदेश होता. बोलल्याबद्दलच त्याला पकडलं, हे काही सिद्ध झालेलं नाही. पण लुइझियानातल्या प्रत्येक साइटवर जेवणाच्या सुट्टीत ही बातमी कशी सांगितली गेली असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. हजार टूलबॉक्स टॉकनी जमवलेला विश्वास अशा एका बातमीत वाहून जातो.

बरं, कागदपत्रं ज्याची चोख आहेत त्याचं काय? त्याच्यासाठी कायदा आहे. 1970 च्या व्यवसाय सुरक्षा आणि आरोग्य कायद्यातून ‘ओशा’ ही यंत्रणा उभी राहिली. जीव जाईल अशी वाजवी भीती असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर कामगार काम नाकारू शकतो, असा नियमही झाला. त्या नियमाची परीक्षा ओहायोतल्या व्हर्लपूलच्या कारखान्यात झाली. तिथे डोक्यावरच्या जाळीवरून एक कामगार पडून मेला होता. काही दिवसांनी, जुलै 1974 मध्ये, त्याच जाळीवर जाऊन काम करायला दोघांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. उरलेल्या सहा तासांचा पगार कापून त्यांना घरी पाठवलं आणि लेखी समज दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1980 मध्ये न्यायालयाने एकमताने तो नियम वैध ठरवला. विजय मोठा होता. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की धोक्यामुळे जे काम झालं नाही त्याचा पगार मालकाने द्यायलाच हवा, असं कायदा म्हणत नाही. म्हणजे नाही म्हणायचा हक्क तुझा आणि खाडाही तुझाच. शिवाय मालकाने सूड घेतला तर तक्रार करायला मुदत 30 दिवसांची, आणि या कलमाखाली कामगार स्वतः दावा लावू शकत नाही, सरकारच्या कामगार विभागाने लावला तर लावला.

या सहा तासांवर जरा थांबू. वीस माणसांची तुकडी सहा तास थांबली तर 120 मनुष्य-तास होतात. त्यांचा रोज कुणाच्या खिशातून जायचा? मुख्य कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराला ठरीव रकमेत काम दिलेलं असतं, त्याने पुढच्याला, आणि तळाशी बहुधा एखादा मजूर-दलाल असतो, ज्याने माणसांना कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ करून टाकलेलं असतं. पगाराची हमी नाही, जादा वेळेचा दर नाही. टेक्साससारख्या राज्यात तर खासगी मालकाला कामगार-नुकसानभरपाईचा विमा काढण्याची सक्तीही नाही. या उतरंडीत ‘थांबा’ म्हणणारा माणूस सगळ्यांत खालच्या पायरीवर असतो आणि थांबण्याचा खर्च घरंगळत नेमका त्याच पायरीवर येतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एकोणीस जणांचाही त्या दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे साहेबाच्या आधी सोबतीच त्याच्याकडे डोळे वटारतात. तुकडीतला विश्वास हा शब्द आपण फार गोड अर्थाने वापरतो. एकमेकांच्या पोटावर पाय येऊ न देणं हाही विश्वासच असतो, आणि तोच माणसाला गप्प बसवतो.

मग साइटच्या फाटकाजवळचा तो फलक येतो, ‘अपघाताविना अमुक दिवस’. एडमंडसन यांचं सुरुवातीचं काम रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांवर होतं. चांगल्या तुकड्यांमध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या तुकड्या चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. हे एकदा ध्यानात घेतलं की शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या फलकाकडे पाहण्याची नजरच बदलते. अमेरिकेत कंत्राटदाराला काम मिळणं न मिळणं त्याच्या नोंदलेल्या दुखापतींच्या प्रमाणावर आणि विम्याच्या गुणकावर बऱ्याच अंशी ठरतं. गुणक 1 च्या वर गेला की अनेक निविदांचं दार बंद. महिनाभर अपघात झाला नाही तर सगळ्या तुकडीला बक्षीस, अशाही योजना चालत. 2012 मध्ये ओशाला आपल्या अधिकाऱ्यांसाठी टिपण काढून बजावावं लागलं की अशा बक्षिसांमुळे कामगार दुखापत लपवू शकतात. बोट चेचलं तर ते फडक्यात गुंडाळून शिफ्ट पुरी करायची, कारण सोबत्यांचं बक्षीस आपल्या बोटामुळे बुडायला नको. असा फलक रंगवणाऱ्याला सुरक्षिततेबद्दल तळमळ नसते असं मी म्हणत नाही. त्याला माहिती कमी मिळते, एवढंच.

आता माझ्याच युक्तिवादाला छेद देणारं प्रकरण. मायामीत फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठासाठी आठ पदरी रस्त्यावरून पादचारी पूल बांधत होते. 10 मार्च 2018 ला सुमारे 950 टनांचा गाळा जागेवर बसवला. त्याच्या एका टोकाच्या भेगा वाढत गेल्या. केबल ताणणाऱ्या तुकडीने त्या पाहिल्या, फोटो काढले, वर पाठवले. इथे कुणी गप्प बसलं नव्हतं. 15 मार्चच्या सकाळी साइटवर बैठक झाली. आराखडा करणाऱ्या फर्मच्या अभियंत्याने मांडणी केली आणि धोका नसल्याचं सांगितलं. खालून वाहनं जातच होती. दुपारी पावणेदोनच्या सुमारास, तुकडी त्याच भेगाळलेल्या भागातल्या केबल पुन्हा ताणत असताना, पूल पडला. सहा जण मेले, त्यात एक कामगार होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर म्हटलं की या भेगा सर्वसाधारणपणे खपवून घेतल्या जातात त्यापेक्षा 40 पट मोठ्या होत्या, आणि टेबलाभोवतीच्या कुठल्याही पक्षाने काम आणि रस्ता बंद करायला हवा होता. टेबलाभोवती विद्यापीठाची, कंत्राटदाराची, सल्लागाराची, राज्याच्या रस्ते विभागाची माणसं होती. रोजावरचं कुणी नव्हतं. पगार कापला जायची भीती त्यांना नव्हती. तरी कुणी ‘बंद करा’ म्हणालं नाही.

म्हणजे भीतीचा हिशेब हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं म्हणजे मोठ्याच्या ज्ञानापुढे आपली नजर खोटी मानणं. एवढा शिकलेला माणूस गणित करून सांगतोय, आपण कोण? आपल्याला हे अनोळखी नाही. दवाखान्यात, शाळेत, साहेबाच्या केबिनमध्ये आपण हेच करतो आणि त्याला नम्रता म्हणतो. या दुसऱ्या प्रकारच्या मौनावर मात्र स्वभावाचं, वागण्याचं, तुकडीत मुरलेल्या रीतीचं काम चालतं. इथे मानसिक सुरक्षिततेवाल्यांचं म्हणणं मला मान्य करावंच लागतं.

त्यांच्या बाजूने सगळ्यांत दमदार साक्ष मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींची आहे. 1990 च्या दशकात शेल कंपनी ‘उर्सा’ नावाचा खोल समुद्रातला प्रचंड फलाट उभारत होती. त्या कामावरच्या रांगड्या माणसांना, ज्यांच्यात रडणं सोडाच, पण ‘मला येत नाही’ म्हणणंही नामुष्कीचं होतं, एकत्र बसवून आपल्या भीतीबद्दल, घरच्या दुखण्यांबद्दल बोलायला लावलं. वाचताना ओशाळवाणं वाटतं. पण रॉबिन इली आणि डेब्रा मेयरसन या संशोधकांनी पुढे अशा फलाटांवर राहून अभ्यास केला. मर्दानगी मिरवण्याची गरज संपली तेव्हा माणसं चुका कबूल करू लागली, एकमेकांना विचारू लागली, असं त्यांना दिसलं. त्या काळात कंपनीचं अपघातांचं प्रमाण 84 टक्क्यांनी उतरलं. बांधकामातही मर्दानगीचं हे ओझं खरं आहे आणि ते परांचीपुरतं नाही. 2023 मध्ये अमेरिकेत बांधकामावर 1,075 कामगार अपघातांत मेले. पण बांधकाम क्षेत्रातल्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण 2021 मध्ये दर लाखामागे 56 होतं, सगळ्या व्यवसायांतल्या पुरुषांमध्ये 32. दुखणं बोलून न दाखवण्याची सवय साइटच्या फाटकाशी सुटत नाही, घरीही सोबत येते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. शेलने ती बोलकी सत्रं पगारी वेळेत घेतली होती. एवढ्या मोठ्या फलाटावर एक चूक कोट्यवधी डॉलरला पडते, म्हणून कंपनीला ते परवडत होतं. तीस दिवसांसाठी भिंती रंगवायला आलेल्या पाच जणांच्या टोळीला कोण बोलतं करणार?

यापेक्षा मला गोल्डन गेट पुलाचा हिशेब जवळचा वाटतो. तो बांधला जात होता तेव्हा पूल बांधणाऱ्यांत एक ठोकताळा होता, दर दहा लाख डॉलरच्या कामामागे एक मृत्यू. साडेतीन कोटींचा पूल म्हणजे पस्तीस माणसं धरूनच चालायची. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने एक लाख तीस हजार डॉलर खर्चून पुलाखाली जाळं बांधलं आणि शिरस्त्राण सक्तीचं केलं. उंचावर कसरती करून मर्दुमकी दाखवणाऱ्यांना त्याने सरळ कामावरून काढलं. जाळ्याने 19 जणांना झेललं. 17 फेब्रुवारी 1937 ला एक मचाण तुटून जाळं फाडत गेलं आणि 10 जण मेले. एकूण मृत्यू 11. जाळं अपुरं पडलं त्या दिवसाची गोष्टही सांगायलाच हवी, पण पस्तीस आणि अकरा यांच्यातला फरक कुणाच्या सद्भावनेतून आला नाही. तो अंदाजपत्रकात पैसे धरून आला. मचाणावरच्या माणसाने साहेबावर विश्वास ठेवावा म्हणून साहेबाने काही बोलण्याची गरज पडली नाही. वाकून खाली पाहिलं की विश्वास बांधलेला दिसत होता.

महाराष्ट्रात हे वाचताना समृद्धी महामार्ग डोळ्यांपुढे येणं अटळ आहे. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटेआधी शहापूर तालुक्यात सरलांबे इथे गर्डर बसवणारं यंत्र कोसळून कामगार आणि अभियंते मिळून 20 जण गेले. आपल्याकडे ‘थांबा’ म्हणण्याची किंमत अमेरिकेहून जास्त आहे. माणूस गावाहून निघतानाच मुकादमाकडून उचल घेऊन निघतो. काम सोडलं तर उचल अंगावर. राहायची पत्र्याची खोली ठेकेदाराची, गावी परतायचं तिकीट मुकादमाच्या हातात. 1996 मध्येच बांधकाम कामगार कायदा झाला, उपकर गोळा होतो, मंडळ आहे, नोंदणी केली तर भांड्यांचा संचही मिळतो. धोकादायक काम नाकारलं तर त्या दिवसाची हजेरी लागेल, याची हमी मात्र त्या भांड्यांत नसते.

आणि मधल्या फळीतला आपला माणूस? पुण्या-मुंबईतून सिव्हिल करून, तिकडे एमएस करून, टेक्सासात किंवा न्यू जर्सीत प्रोजेक्ट इंजिनिअर झालेली मराठी मुलं-मुली आता कमी नाहीत. सहीचा कागद फिरवणारा हात अनेकदा त्यांचाच असतो. कामगाराला ती ‘काम थांबव’ असं कार्ड देतात, आणि त्यांची स्वतःची नोकरी गेली तर एच-वन-बी व्हिसावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. स्लॅब आजच टाकायचा असा वरून फोन आला तर त्या खुर्चीतून ‘टेकू वाकलाय, टाकू नका’ म्हणायला किती धीर लागेल? घरचे हप्ते, मुलांची शाळा, ग्रीन कार्डची रांग हे सगळं त्या फोनवर असतं. त्यामुळे वरचे आणि खालचे अशी सोपी वाटणी इथे चालत नाही. ज्याने शंका ऐकायची, तोही कुणाच्या तरी मर्जीवर उभा असतो.

यावर ठरलेला आक्षेप ऐकू येतो. थांबण्याचे पैसे दिले तर माणसं ऊठसूट थांबतील. ज्यांनी हे लोक जवळून पाहिले आहेत त्यांना यात तथ्य कमीच वाटेल. काँक्रीटच्या गाड्या दारात उभ्या असताना काम थांबवणं हे कारागिराच्या हाताला मुळातच नकोसं असतं. तरीही चार जण गैरफायदा घेतील असं धरू. मग त्या चौघांच्या तासांची किंमत एका कोसळलेल्या गाळ्याशेजारी मांडून पाहावी. बांधकामात आकस्मिक खर्चाची तरतूद पाच-दहा टक्के असते. पाऊस आला, दगड लागला, लोखंड महागलं, सगळं त्यात बसतं. हेल्परला आलेली शंका तेवढी बसत नाही.

अमेरिकेत यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. 1931 पासून डेव्हिस-बेकन कायदा आहे. केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या बांधकामावर त्या भागातल्या प्रचलित दराने मजुरी द्यावीच लागते, आणि कंत्राटदाराला दर आठवड्याला पगारपत्रक सही करून सादर करावं लागतं. त्यात प्रत्येक कामगाराचे तास असतात, दर असतो, कापलेली रक्कम असते. त्यात एक रकाना वाढवावा, धोक्याच्या शंकेमुळे थांबलेले आणि पगार दिलेले तास. पैसे मालकाच्या अंदाजपत्रकातून यावेत, पोटकंत्राटदाराच्या नफ्यातून नव्हे. शंका कुणी काढली याचं नाव त्यात नको, शंकेचं उत्तर कुणी, कोणत्या भाषेत आणि किती वाजता दिलं त्याचं नाव हवं. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागालाही निविदेच्या मसुद्यात हे घालता येईल, तिथे तर हजेरीपट घातलेलाच आहे. आणि दोन वर्षांच्या कामात हा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला, तर निरीक्षकाने गाडी काढून सगळ्यांत आधी त्याच साइटवर जावं.